साधं राहायचंय? आधी पगार सांगा

साधं राहायचं ठरवलंत, अभिनंदन. पण घाई करू नका, हे काम खर्चिक आहे. पंधरा हजारांत महिना काढणारा माणूसही साधाच राहतो, पण त्याची मुलाखत कुणी घेत नाही, कारण त्याच्याकडे सोडण्यासारखं काही नसतं. त्यागाला आधी घरभर सामान लागतं. तेव्हा पंचेचाळिशीपर्यंत मिळेल ते घेत सुटा, मग एके दिवशी सगळ्याचा वीट येऊ द्या.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. नॉनस्टिक काढून बिडाचा तवा आणा, तेल लाकडी घाण्याचं घ्या, फ्रिजशेजारी माठ ठेवा. (फ्रिज काढायचा नाही. आमरस कुठे ठेवाल?) आजी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची, तेव्हा मित्रांसमोर तुम्हाला लाज वाटायची. आता तेच करा, फक्त फोटोखाली ‘झीरो वेस्ट’ लिहा. गोधडीचंही तसंच. आजीची लुगडी बोहारणीला देऊन तुम्ही स्टीलचं पातेलं घेतलंत, ते एक बरं झालं. आता हाताने टाके घातलेली गोधडी प्रदर्शनातून रीतसर विकत आणता येईल. किमतीची चिठ्ठी कोपऱ्यात टाचलेली असते, पाहुणे यायच्या आत ती काढा.

मग घर. मुळशीकडे प्लॉट घ्या आणि त्यावर मातीचं घर बांधा. नमुन्यासाठी सेवाग्रामची चक्कर करा. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती अजून बघायला मिळतात. फोटो काढून आर्किटेक्टला पाठवा. कुडाच्या भिंतीतून एसीचा पाइप कसा काढायचा, ते तो बघेल. बापूंनी ती सोय केलेली नाही.

गावकऱ्यांचं मात्र मनावर घेऊ नका. प्रधानमंत्री आवास योजनेत सरकार सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये देतं, का तर माणसानं कच्च्या घरातून पक्क्यात जावं म्हणून. तेवढी तर तुमच्या आर्किटेक्टची फीच होईल, उलट दिशेनं जाण्याची. शेजारचा माणूस स्लॅब पडला म्हणून पेढे घेऊन येईल. पेढा घ्या, आणि मातीचं घर उन्हाळ्यात किती गार राहतं ते त्याला नीट समजावून सांगा. जन्मापासून तो तशाच घरात राहिलाय, दर पावसाळ्यात गळक्या जागी पातेली मांडलीत, तरी सांगा. माहिती दिल्यानं वाढते. जमीन शेणानं सारवायला त्याच्याच घरातली बाई मिळेल. सारवताना कंबर मोडते, आणि साधेपणात स्वतःची कंबर मोडणं बसत नाही.

शहरातल्या घरी कामाच्या मावशी असतीलच. त्या कधीतरी ओटा पुसता पुसता विषय काढतील, ‘ताई, दोनशे वाढवा की, गॅस महागलाय.’ गडबडून जाऊ नका. त्यांना समोर बसवा, गोधडीवर नको, आणि गरजा कमी केल्या की मन कसं हलकं होतं ते सांगा. तुमचं झालंय ना? मग त्यांचंही होईल. जाताना कालच्या चार पोळ्या मात्र आठवणीनं द्या. अन्न वाया घालवलेलं आपल्याला चालत नाही.