मालकाचा पगार कोणत्या रकान्यात लिहायचा?

माझ्याकडे एकच गाडी आहे, दहा टायरची, आणि ती मीच चालवतो. पिंपळगाव बसवंतहून बंगळूरच्या यशवंतपूर बाजारात कांदा पोहोचवायचा आणि परतीला तुमकुरू किंवा बंगळूरकडून मिळेल तो माल घेऊन यायचे, हा माझा ठरलेला धंदा. हिशेबाची वही पत्नी लिहिते. दिवाळीनंतर एका संध्याकाळी पावत्या लावता लावता तिने विचारले, "क्लीनरचा पगार लिहिला, हमाली लिहिली, दलाली लिहिली. तुमचा पगार कुठे लिहू?" मी नेहमीचे उत्तर दिले, की जे उरेल तोच आपला पगार. त्यावर ती म्हणाली, "मग उरेल ते आधी काढून तरी दाखवा." ते काढायला आम्हाला तीन रात्री लागल्या. त्या आकड्यांविषयी ही पोस्ट आहे. ती लांब झाली आहे, कारण आमच्या धंद्यात थोडक्यात सांगितलेला हिशेब बहुधा खोटा असतो.

नोव्हेंबर २०२५ मधील एक फेरी घेतो, कारण ती ना विशेष चांगली होती ना विशेष वाईट. जाताना १८.५ टन कांदा, टनाला ३,१०० रुपये, म्हणजे ५७,३५० रुपये. परतीला १८ टन माल, टनाला २,३००, म्हणजे ४१,४०० रुपये. एकूण भाडे ९८,७५० रुपये झाले. हा आकडा गावात पारावर सांगितला की समोरचा माणूस मनातल्या मनात त्याला चारने गुणतो आणि माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

आता खर्च. भरण्याच्या आणि उतरवण्याच्या ठिकाणांची ये-जा धरून गाडी २,१५० किलोमीटर चालली. भरल्या गाडीला लिटरमागे ४.२ किलोमीटरचा ॲव्हरेज पडला, म्हणून डिझेल लागले ५१२ लिटर. सरासरी ९० रुपये ५० पैसे दराने ते ४६,३३६ रुपयांचे झाले. नाशिकजवळच्या शिंदे नाक्यापासून बंगळूरजवळच्या नेलमंगलापर्यंत जाता-येता फास्टॅगमधून कापले गेलेले टोल ११,४९६ रुपये. बीएस-६ गाडीला डिझेलबरोबर जे द्रावण घालावे लागते आणि ज्याला आम्ही सगळे युरिया म्हणतो, ते १,४५० रुपयांचे. दोघांचे जेवण, चहा, आंघोळ आणि रात्रीचे पार्किंग ४,५००. क्लीनर ३,०००. हमाली, वाराई (माल उतरवण्याची मजुरी), वजनकाटा आणि ज्याची पावती कोणी देत नाही असा किरकोळ खर्च ३,६००. दोन्ही बाजूंची दलाली २,४००. सगळे मिळून ७२,७८२ रुपये. हाती राहिले २५,९६८ रुपये.

फसगत सुरू होते ती या आकड्यापासून. फेरीला सव्वीस हजार आणि महिन्याला चार फेऱ्या म्हणजे लाखावर रक्कम. त्यातून बँकेचा हप्ता गेला तरी चाळीस हजार उरतात असे वाटते, आणि पहिल्या वर्षी ते खिशात दिसतातही. पहिल्या वर्षी टायर नवे असतात, कंपनीची वॉरंटी असते, विमा गाडीबरोबरच भरलेला असतो. खिशात दिसणारा तो पैसा कमाई नसून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या टायरांचा आणि विम्याचा आगाऊ जमा झालेला पैसा आहे, हे लक्षात येईपर्यंत त्यातला बराचसा घराच्या स्लॅबमध्ये किंवा कोणाच्या तरी लग्नात गेलेला असतो. माझा स्लॅबमध्ये गेला.

टायरचा हिशेब आम्ही सर्वांत कमी करतो आणि तोच सर्वांत जास्त बोचतो. एक रेडियल टायर २३,००० रुपयांच्या घरात जातो आणि गाडीला असे दहा लागतात. पुढचे दोन नवेच ठेवावेत, मागचे घासले की रिमोल्ड करून, म्हणजे वर नवे रबर चढवून, आणखी काही महिने ओढावेत, ही सर्वांचीच रीत आहे. तसे करूनही माझ्या गाडीला किलोमीटरमागे २ रुपये २० पैसे टायरचे पडतात. ऑइल, ग्रीस, ब्रेक लायनर, पाटे, क्लच, वायरिंग मिळून आणखी १ रुपया १० पैसे. म्हणजे चाक एक किलोमीटर फिरले की ३ रुपये ३० पैसे झिजले, आणि ही झीज पावतीवर कुठेच दिसत नाही. चार फेऱ्यांच्या महिन्यात गाडी ८,६०० किलोमीटर चालते, त्याचे २८,३८० रुपये होतात.

गाडी उभी असली तरी जो खर्च चालूच राहतो, तो वेगळा. विमा वर्षाला ९६,०००. त्यातला तृतीय पक्षाचा हप्ता सरकारने ठरवलेला असतो आणि २० ते ४० टनांच्या गटासाठी जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे तो ४३,९५० रुपये आहे. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००. राज्याचा कर, पासिंग, पीयूसी आणि जीपीएस यांचे मिळून २५,५००. एकूण १,३८,०००, म्हणजे महिन्याला ११,५०० रुपये.

आता हप्ता. २०२३ च्या पावसाळ्यात बॉडीसकट गाडी ३८ लाखांना पडली. ८ लाख घरचे घातले आणि ३० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता ६४,४८० रुपये. महिन्याला चार फेऱ्या धरून १,०३,८७२ रुपयांतून हा हप्ता, ११,५०० आणि २८,३८० वजा केले, तेव्हा ४८८ रुपयांची तूट आली. पत्नीने ती बेरीज तीनदा तपासली.

तरीही हा हिशेब अन्यायाचा आहे हे मला मान्य आहे, कारण हप्त्यातील मुद्दल हा खर्च नव्हे. पाच वर्षांनी गाडी माझी होणार आहे आणि तिचे काही ना काही पैसे येणार आहेत. म्हणून आम्ही हप्ता बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी दोन रकाने केले. पाच वर्षांनी गाडी १७ लाखांना जाईल असे धरले तर घसारा २१ लाख, म्हणजे महिन्याला ३५,०००. पाच वर्षांचे व्याज ८,६८,८००, म्हणजे महिन्याला सुमारे १४,५००. हप्त्याऐवजी हे ४९,५०० धरले की चार फेऱ्यांच्या महिन्यात माझी खरी कमाई १४,४९२ रुपये निघते. घरून घातलेल्या ८ लाखांवर एक रुपयाही व्याज न धरता.

(१७ लाखांचा अंदाजही आता डळमळीत झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी घेणाऱ्याचे त्यात भलेच आहे, टायरही स्वस्त झाले. पण नवी गाडी स्वस्त झाली की जुनीही उतरते. माझी गाडी लाखभराने उतरली, तर महिन्याला १,६६७ रुपये आणखी गेले.)

आमच्याच गावातील एका दहा गाड्यांच्या मालकाकडे पगारी ड्रायव्हरला २४,००० रुपये आणि वर रोजचा भत्ता मिळतो. त्याला हप्ता नाही, टायर फुटल्यावर पोटात गोळा नाही, आणि भाडे थकले तर ती मालकाची डोकेदुखी. तेच काम मी १४,४९२ रुपयांत करतो आणि शिवाय मालक म्हणवून घेतो. गंमत अशी की २०२५-२६ च्या उत्पन्नाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातील ४४एई कलमही माझ्यापेक्षा मला श्रीमंत समजते. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाच्या जड वाहनाचे उत्पन्न तिथे टनाला महिना हजार रुपये धरले जाते. माझ्या गाडीचे मालासकट मान्य वजन २८.५ टन, म्हणून महिना २८,५०० झाले. तेवढ्यावर कर बसत नाही, त्यामुळे तक्रार नाही. पण कायद्याने गृहीत धरलेल्या कमाईच्या निम्म्यावर आपण आहोत, हे कळल्यावर बरे वाटत नाही.

आणि हे सगळे चार फेऱ्यांचे. महिन्यात तीनच झाल्या तर कमाईच्या जागी ४,३८१ रुपयांचा तोटा लागतो. एका फेरीच्या फरकाने पारडे एवढे फिरते, कारण गाडी उभी राहिली तरी घसारा, व्याज, विमा आणि परमिट मिळून दिवसाला २,०३३ रुपये जळतच असतात. म्हणून भाड्याच्या दरापेक्षा मला आता उभे राहण्याची धास्ती जास्त वाटते. कांद्याच्या पट्ट्यात ती कधीही येऊन आदळते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, अनेक बाजार समित्यांत लिलाव थांबले, आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमागे आमच्या गाड्याही उभ्या राहिल्या. शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. उभ्या गाडीचा दिवसाचा खर्च मात्र कोणाच्या तोंडी आला नाही, आणि खरे सांगायचे तर तो तेव्हा मलाही माहीत नव्हता.

रोजच्या व्यवहारातही उभे राहणे आम्ही फुकट देऊन टाकतो. माल उतरायला दीड दिवस लागला तर हाल्टिंग, म्हणजे गाडी अडवून ठेवल्याचे पैसे, मागायचे असते, ते आम्ही 'पुढच्या वेळी माल देणार नाहीत' या भीतीने मागत नाही. माल उतरवण्याची मजुरी मालवाल्याने द्यायची की गाडीवाल्याने, हा वाराईचा वाद महाराष्ट्रात जुना आहे आणि 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही आमच्या लोकांची घोषणाही जुनी आहे. गेटवर मात्र घोषणा चालत नाही. तिथे खिशातून काढावेच लागतात. गेल्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने वाटेत कांद्याच्या वजनात आलेल्या घटीचे १,८०० रुपये माझ्या उरलेल्या भाड्यातून कापले. कांदा उन्हात सुकतो हे त्यालाही ठाऊक होते. पोच पावती त्याच्या हातात होती आणि बाकी रकमेची गरज मला होती, एवढाच त्याचा युक्तिवाद.

यावर आमच्यातील अनेकांचे उत्तर म्हणजे दोन-तीन टन जास्त भरणे. जुलै २०१८ मध्ये दहाचाकीचे मान्य एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले, तेव्हा आता सुखाचे दिवस आले असे आम्हाला वाटले होते. झाले उलटेच. माल तेवढाच राहिला, प्रत्येक गाडीची ताकद साडेतीन टनांनी वाढली आणि टनाचे भाडे दबले. त्या वाढीव वजनाचा फायदा मालवाल्याकडे गेला, आणि डिझेल व टायर आमच्या वाट्याला आले, असे माझे मत आहे. त्याच्याही वर भरायचे तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. जादा भरून केलेल्या काही फेऱ्यांत मिळवलेले एका काट्यावर जाते.

मला वाटते, या सगळ्याच्या मुळाशी पत्नीने विचारलेला तो रिकामा रकाना आहे. मोठा ट्रान्सपोर्टर दर ठरवताना ड्रायव्हरचा पगार धरतोच, कारण तो त्याला द्यावाच लागतो. आम्ही स्वतः चालवणारे तो शून्य धरतो आणि त्या शून्याच्या जोरावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकमेकांपेक्षा कमी भाडे बोलतो. त्याला आम्ही स्पर्धा म्हणतो. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या माणसांना तरी हे वेगळे समजावून सांगायला नको. हमीभावाची शिफारस करणारा कृषिमूल्य आयोगसुद्धा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत धरतो. ती किंमत पुरेशी आहे की नाही यावर भांडण आहे, पण निदान तिच्यासाठी एक रकाना आहे. शेतात राबणाऱ्या शेतकरी भावाची मजुरी कागदावर तरी आहे. त्याचा कांदा हजार किलोमीटर वाहून नेणाऱ्या माझी कुठेच नाही.

आम्ही शेवटी तो रकाना भरून पाहिला. त्यात पगारी ड्रायव्हरचेच २४,००० लिहिले, भत्ता सोडला. चार फेऱ्यांच्या महिन्यात ९,५०८ रुपये कमी पडले. फेरीला २,३७७. ते जाण्याच्या १८.५ टनांवर वाटले तर टनाला १२८ रुपये येतात, म्हणजे किलोमागे १३ पैसे. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याचा भाव एका सकाळीत याच्या कितीतरी पट वर-खाली होतो, आणि १३ पैशांनी कांदा महागला हे तिथे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

एवढे कळल्यावर मी ठरवले, की टनाला ३,२०० च्या खाली बंगळूरचा माल भरायचा नाही. पहिलीच संधी गेल्या महिन्यात आली. दलालाचा फोन होता, ३,०५० ला भरतोस का. मी नाही म्हणालो. अर्ध्या तासात तोच माल आमच्याच तालुक्यातील एका गाडीने भरला. तोही माझ्यासारखाच एका गाडीचा मालक, हप्ता चालू, स्वतःच चालवणारा. मला ३,२०० चा माल मिळायला आणखी दोन दिवस गेले. फरकाचे मिळाले २,७७५, उभे राहण्यात गेले ४,०६६. पत्नीने दोन्ही आकडे समोरासमोर लिहिले आणि खाली लाल शाईने वजा १,२९१. ज्याने तो माल भरला, त्याला मी आमच्या वहीच्या या पानाचा फोटो पाठवला आहे. त्याचे उत्तर आले आहे की बंगळूरहून परतल्यावर बसू.