अशोकाची साल आणि टीएलसी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

अशोकाच्या सालीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. चाकणला औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीत) आहात आणि रोज एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करता, एवढंच तुम्ही स्वतःबद्दल सांगितलंय. पण तुमचे प्रश्न कामातून आलेत हे लगेच कळतं, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतेय.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: टीएलसी, म्हणजे काचेच्या प्लेटवरच्या पातळ थरावर अर्काचा थेंब सोडून, सॉल्व्हंट (द्रावक) वर चढू देऊन घटकांचे ठिपके सुटे करण्याची पद्धत, जुनाट झालं, एचपीएलसी आणि एलसी-एमएससारखी यंत्रं असताना विद्यार्थ्यांना त्यात गुंतवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आरएफ (सॉल्व्हंटच्या तुलनेत ठिपका किती वर चढला तो आकडा) आज एक येतो, उद्या दुसरा. आणि दोन ठिपके एका उंचीवर आले म्हणजे ते एकच द्रव्य, असं शिकवणं ही सरळ दिशाभूल आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘अशा प्लेटवर विसंबून रिपोर्टवर सही कोण करणार?’

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. एका उंचीवरचे दोन ठिपके एकच असतात असं नाही. वनस्पतीच्या अर्कात शेकडो घटक असतात, आणि साध्या प्लेटवर पायथ्यापासून फ्रंटपर्यंत (सॉल्व्हंट जिथवर चढला त्या रेषेपर्यंत) जेमतेम दहा-पंधरा ठिपके सुटे दिसतात. एकावर एक बसणारच. म्हणूनच वनस्पतीच्या बाबतीत एका ठिपक्यावर कुणी निकाल देऊ नये. बघायची असते ती त्या अर्काची अख्खी पट्टी: कोणता ठिपका कुठे, कोणत्या रंगाचा, २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात काळा दिसतो का, ३६६ला चमकतो का, रंग आणणारं रसायन फवारल्यावर काय होतं. उंची जुळली आणि रंग बदलला, तर द्रव्य वेगळं. उंची आणि रंग दोन्ही जुळले, तरी सॉल्व्हंट बदलून पुन्हा प्लेट चालवायची.

अशोकाचंच बघा. पुण्यात सोसायट्यांच्या कंपाउंडलगत ओळीने उभं असलेलं उंच, सरळसोट, लोंबत्या पानांचं झाड सगळे ‘अशोक’ म्हणूनच ओळखतात. तो खोटा अशोक, पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, सीताफळाच्या कुळातला. अशोकारिष्टात (बायकांच्या तक्रारींवरच्या आयुर्वेदिक औषधात) जायला हवी ती सीता अशोकाची साल, सराका असोका, शेंगांच्या कुळातल्या झाडाची. हे झाड जंगलातून कमी होत चाललंय, संकटग्रस्तांच्या यादीत आहे, आणि मागणी मात्र कमी झालेली नाही. त्यामुळे मंडईच्या आसपास काष्ठौषधी घेताना पोत्यातली साल नक्की कोणाची, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वाळून तुकडे झालेली साल नुसती बघून ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं, आणि भरड पूड असेल तर विचारूच नका.

आता हे दोन्ही अर्क एका प्लेटवर शेजारीशेजारी ठेवा. टोल्युइन, इथिल अॅसिटेट, फॉर्मिक अॅसिड, मिथेनॉल ३:३:०.८:०.२ अशा मिश्रणात चालवा आणि व्हॅनिलिन-हायड्रोक्लोरिक आम्ल फवारा. सीता अशोकाच्या सालीत कॅटेचिन वर्गातली द्रव्यं आणि टॅनिन (तुरट द्रव्यं) भरपूर, त्यामुळे त्याची पट्टी गर्द लाल होते. खोट्याची तेवढी रंगत नाही. पण इथे थांबायचं नाही, टॅनिन तर शालवृक्षाच्या सालीतही असतं, आणि अशोकाच्या नावाने तीही खपवली जाते. म्हणून नुसत्या लाल रंगावर न जाता ठिपकान् ठिपका संदर्भाशी ताडून बघायचा. शिवाय खोटा अशोक पक्का पकडायला दुसरी प्लेट टोल्युइन, इथिल अॅसिटेट, डायइथिलअमाइन ७:२:१ मध्ये चालवायची आणि ड्रॅगेन्डॉर्फ नावाचं रसायन फवारायचं. खोट्या अशोकाच्या सालीत अल्कलॉइड्स (नायट्रोजन असलेली वनस्पतिद्रव्यं) असतात, ती नारिंगी होऊन वर उठतात. मुलं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा फ्यूम हूडपाशी जी शांतता पसरते, ती मला फार मोलाची वाटते. रसायनशास्त्र डोळ्यांसमोर घडताना दिसलेलं असतं.

आरएफ बदलतो, ही तक्रारही खरी आहे, पण त्यामागे कारण आहे आणि ते हाताळता येतं. सिलिकाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट हवेतलं पाणी धरून ठेवतात. पाण्याने जागा अडवली की द्रव्याला चिकटायला जागा उरत नाही आणि ते वर पळतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या पुण्यात चालवलेली प्लेट आणि जुलैच्या झडीत चालवलेली प्लेट सारखी येणार नाही, यात नवल काय? म्हणून प्लेट १०५ ते ११० अंशांवर अर्धा तास तापवून घ्यायची, बाहेर काढल्यावर टेबलावर उघडी सोडायची नाही. चेंबरमध्ये फिल्टर पेपर लावून वीसेक मिनिटं वाफ भरू द्यायची, झाकण उघडून डोकवायचं नाही. एचपीटीएलसीत (टीएलसीच्याच अधिक काटेकोर रूपात) तर मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाने हवेची आर्द्रता ३३ टक्क्यांवर आणूनच पुढे जातात.

मुख्य म्हणजे पुस्तकातल्या आरएफशी तुलना करायचीच नाही. ज्याची ओळख पटलेली आहे ते सॅम्पल त्याच प्लेटवर, त्याच दिवशी, शेजारच्या पट्टीत असलं पाहिजे. शंका असेल तर तिसऱ्या पट्टीत दोन्ही अर्क एकावर एक सोडा. ठिपका फुटून दोन झाले, तर ते एक नव्हतेच. ही पोलिसांच्या ओळख परेडसारखी गोष्ट आहे: संशयिताला एकटं उभं करून ‘हाच का?’ विचारलं, तर त्या उत्तराला किंमत नाही. ते शेजारचं सॅम्पल मिळवणं हेच खरं कष्टाचं काम आहे. आपण पुण्यात आहोत हे या बाबतीत भाग्य. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, दोन्हीकडे वनस्पतिसंग्रह आहेत. झाडाची फांदी, पान, फूल घेऊन तज्ज्ञांकडून ओळख पटवायची आणि मग त्याच झाडाच्या सालीला संदर्भ मानायचं. हा टप्पा गाळला, तर लाखोंचं यंत्रही चुकीचंच उत्तर देईल, फक्त दशांशात.

आता एचपीएलसी. तिच्याबद्दल मला आदर आहे. प्रमाण काढायचं असेल तर मीही तिच्याकडेच जाईन, ठिपक्याचा गडदपणा डोळ्यांनी जोखून कोणी टक्केवारी लिहू नये. पण ‘किती आहे’ हा प्रश्न ‘आहे का’च्या नंतरचा. जिंको या औषधी झाडाचं उदाहरण या क्षेत्रातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. त्याच्या अर्कातले फ्लॅवोनॉइड मोजायच्या प्रचलित पद्धतीत अर्काचं आधी आम्लाने विघटन करतात, मग क्वर्सेटिन, केम्फेरॉल आणि आयसोऱ्हॅम्नेटिन मोजून बेरीज करतात. त्यात स्वस्त रुटिन (हेही एक फ्लॅवोनॉइड) मिसळलं तर विघटनानंतर त्याचंही क्वर्सेटिनच होतं आणि बेरीज छान जमते. विघटन न केलेला अर्क प्लेटवर चालवला की रुटिनचा ठिपका वाजवीपेक्षा ठळक दिसतो. एचपीएलसीवरही हे पकडता येतं, पण मुद्दाम तसं शोधलं तरच.

दुसरी गोष्ट तुम्हाला रोजच्या कामातून माहीत असेल. एचपीएलसीच्या यूव्ही डिटेक्टरला जे अतिनील प्रकाश शोषून घेतं तेच दिसतं. शतावरीतली सॅपोनिन्स (फेस आणणारी द्रव्यं) २०० नॅनोमीटरच्या आसपास जेमतेम दिसतात, तिथे तर मोबाईल फेजचाही (घटक वाहून नेणाऱ्या द्रवाचाही) गोंधळ असतो. प्लेटवर अॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक फवारून तापवलं की ती रंग घेऊन समोर येतात. आणि जे कॉलमवर (यंत्रातल्या भरलेल्या नळीत) अडकून राहिलं त्याचा आलेखात उंचवटा (पीक) येतच नाही. प्लेटवर मात्र जे हललं नाही तेही पायथ्याशी बसलेलं दिसतं. काहीच लपत नाही म्हणत नाही मी, सुगंधी तेलातले हलके घटक ओव्हनमध्ये उडून जातात. पण बाकीचं बहुतेक सगळं एका काचेवर समोर असतं, आणि एका दमात वेगवेगळ्या बॅचची दहा सॅम्पल्स शेजारीशेजारी बघता येतात.

तंत्र जुनं आहे हे खरंच. १९३८ साली खार्किवला इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी काचेवर अॅल्युमिनाचा पातळ थर देऊन त्यावर थेंब सोडले, तेही वनस्पतींपासून केलेल्या औषधी अर्कांचेच. एगॉन श्टाल यांनी १९५०च्या दशकात सिलिकाचे थर, त्यांची जाडी, पद्धत हे सगळं बसवून दिलं. आयुर्वेदिक फार्माकोपिया (औषधांच्या मानकांचा अधिकृत ग्रंथ) आजही ओळखीसाठी टीएलसी सांगते, ते परंपरेच्या मोहापायी नाही. गावोगावच्या लहान उत्पादकाला परवडणारी आणि तरी खोटं पकडणारी दुसरी चाचणी सहज मिळत नाही. त्याला एलसी-एमएसचा रस्ता दाखवणं म्हणजे त्याने काहीच तपासू नये असं सांगणं आहे, आणि शेवटी ती साल घरातल्या बाईच्या पोटात जाते. हे मला मनापासून लागतं.

शिसं, पारा, कीटकनाशकांचे अंश यांबद्दल या प्लेटवरून अवाक्षर काढू नये. ते काम वेगळ्या चाचण्यांचं.

आता सहीचं. मी विद्यार्थ्यांना रिपोर्टची भाषा घोटून घ्यायला लावते. पट्टी जुळली नाही, दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंटमध्ये जुळली नाही, तर ‘हे सॅम्पल संदर्भ सालीशी जुळत नाही’ असं ठामपणे लिहायचं आणि सही करायची. जुळली तर ‘या दोन पद्धतींत संदर्भाशी सुसंगत’ एवढंच लिहायचं. ‘शुद्ध’ हा शब्द वापरायचा नाही, टक्केवारी लिहायची नाही. सोबत प्लेटचे २५४, ३६६ आणि फवारल्यानंतरचे असे तीन फोटो, सॉल्व्हंटचं प्रमाण, त्या दिवशीची आर्द्रता आणि संदर्भ साल कुठल्या झाडाची, कोणी ओळखली, हे जोडायचं. एवढं असेल त्या कागदावर माझी सही आहे. तुमच्या कंपनीत येणाऱ्या सालीच्या पुढच्या बॅचची अशी एक प्लेट चालवून, तिच्या शेजारी तुमचा एचपीएलसीचा क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला आलेख) ठेवून मला पाठवलात, तर दोन्ही इथे छापेन.