पोरगं साडी नेसून दारात उभं राहिलं तर बापानं काय करावं

सगळ्यात आधी माळ्यावरचा जुना अल्बम लपवा. पोरगं ओढणी गुंडाळून, कपाळाला टिकली लावून, नाकात चापाची नथ अडकवून उभं आहे ते नंतर बघता येतंय, आधी अल्बम. कारण त्यात तुमचा स्वतःचा फोटो आहे, जावळ काढायच्या आधीचा, दोन वेण्या, वेणीत अबोलीचा गजरा, अंगात आत्तीच्या पोरीचं परकर-पोलकं, आणि तो स्टुडिओत जाऊन, पैसे देऊन, स्टुलावर बसवून काढलेला असतोय, म्हणजे चुकून झालं असं पण म्हणता येत नाही. तो बायकोच्या हाताला लागला की तुमची केस तिथंच निकालात.

आमच्यात लागला. म्हणून सांगतोय.

झालं असं की गौरी बसवताना आमचं पाच वर्षाचं बारकं तासभर आ वासून बघत होतं. आई गौरीला साडी नेसवत होती, निऱ्या टाचण्या लावून बसवल्या, साज घातला, नथ घातली, केसात वेणी माळली. शेजारी शंकरोबा पण होता की, पण त्याच्याकडं कोण बघणार, त्याला ना साज ना साडी. दुसऱ्या दिवशी मी कामावरनं आलो तर दारात हे उभं, बायकोची हिरवी ओढणी नेसून, हात गौरीसारखे पुढं धरून, आणि डोळे मिटायला पण तयार नाही कारण गौर डोळे मिटत नाही. म्हणालं, "पप्पा, मला ओवाळा."

आता बावळट बाप असता तर ओवाळून मोकळा झाला असता. तुम्ही तसलं करू नका. तुम्ही चप्पल पण न काढता "हे कुणी केलं?" म्हणून ओरडायचं, टीव्हीची काच फुटल्यावर ओरडतात तसं. आतनं बायको येणार आणि म्हणणार, "मीच नेसवलोय. काय झालं?"

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी आलो, मी जातो, मी भाजी टाकतो. माझी आई बोलती, बहीण बोलती, पुण्याला गेल्यावर लोक हसतात तेवढंच, इथं कुणाच्या कानाला काही खटकत नाही. तर आमच्या घरात त्या संध्याकाळी "मी सांगतो तुम्हाला, पोराला रडवू नका" असं एक बाई म्हणत होती आणि "बाईनं बाईसारखं, बाप्यानं बाप्यासारखं" हे मी तिला समजावत होतो. हे तुमच्या लक्षात येणार नाही. भांडताना असलं लक्षात येऊ द्यायचंच नसतंय.

भांडण मात्र पोरासमोरच करा, आत जाऊन दार लावून केलं तर त्याला कळणार कसं की आपण काहीतरी भयंकर केलंय? आणि "लोक काय म्हणतील" हे वाक्य दर पाच मिनिटांनी टाकत राहा, फक्त कुठले लोक ते सांगू नका. मी सांगायला गेलो आणि फसलो. समोरच्या काकूंचं नाव घेतलं, तर त्या मगाशीच येऊन पोराची ओटी भरून गेल्या होत्या, खारीक-बदाम अजून ओढणीच्या पदरात होते.

आईला तर पंच म्हणून अजिबात बोलवू नका. मला वाटलं जुनं माणूस आहे, आपल्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "तुझ्या थोरल्या चुलत्याचं नाव नथू कशावरनं पडलं रं?" आधीची दोन पोरं जगली नव्हती, म्हणून हा झाल्यावर नाक टोचून नथ घातली, नियतीला वाटावं पोरगीच आहे म्हणून. चुलता पुढं ब्याऐंशी वर्षं जगला, मिशा ठेवून. आता यावर काय बोलणार.

मग हुकमी उपाय, तालीम. "उद्यापासनं तालमीत घालतो" असं जाहीर करा. तिथं लाल मातीत हळद, ताक, तेल कालवलेलं असतंय आणि ती अंगाला चोळून लंगोटावर उभं राहायचं, हे मर्दानी. घरात हळद-कुंकू लावलं की बायकी. फरक बारीक आहे पण आहे, मला विचारू नका काय आहे. मी पोराला गाडीवर घालून खासबाग मैदान दाखवायला नेलं सुद्धा. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 सालचं, छाती फुगते बघून. फक्त नेताना एक काळजी घ्या, पलीकडं बघू देऊ नका. पलीकडं पाठीला पाठ लावून नाट्यगृह आहे, ते पण महाराजांनीच बांधलेलं, 1915 चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. नाव आहे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं, आणि हा आमचा कोल्हापूरचा माणूस लहानपणी 'शारदा' नाटकात शारदा होऊन स्टेजवर उभा राहिलेला. पुढं 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला त्यात केशवराव नायक धैर्यधर आणि नायिका भामिनी कोण, तर बालगंधर्व. त्या बालगंधर्वांची नेसण आणि अंबाडा बघून बायका आपली फॅशन ठरवायच्या. म्हणजे महाराजांनी एका बाजूला पैलवान लढवले आणि दुसऱ्या बाजूला नऊवारीतले बाप्ये गायला लावले, दोन्हीकडं तिकीट काढून पब्लिक, आणि मी तिथंच उभा राहून पोराला सांगतोय की आपल्यात असलं चालत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळलं तेव्हा मी पण गर्दीत उभा राहून डोळे पुसले होते. ते वेगळं.

पोरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैलवान नथ घालतात?"

रंगाचा मुद्दा काढणार असाल तर जपून. "गुलाबी पोरींचा" असं मी म्हणालो तेव्हा बायकोनं मोबाईल पुढं केला, मेव्हण्याच्या लग्नातला मी, गुलाबी फेटा, पुढचा फोटो जोतिबाच्या डोंगरावरचा, गुलालात केसापासनं पायापर्यंत गुलाबी, शेजारचे चौघं मित्र पण, कोण कुठला ओळखू येत नाही. मी म्हणालो ती भक्ती आहे. ती म्हणाली, "मग हे पण गौरच झालंय की."

असं महिनाभर चालवलं. मी ओढणी कपाटात वर ठेवायची, तिनं खाली ठेवायची. बोलणं कमी झालं, डबा वेळेवर मिळायचा पण चटणीशिवाय. पोरगं मात्र माझी चाहूल लागली की टिकली काढून दाराच्या मागं चिकटवायला शिकलं. एक दिवस दार पुढं ओढलं तर मागं अकरा टिकल्या, ओळीनं, त्याच्या उंचीवर. हा तुमच्या शिस्तीचा विजय समजा. मला त्या रात्री झोप लागली नाही, पण तो ॲसिडिटीचा पण प्रकार असू शकतोय.

मग दिवाळी आली. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून फिरवतात, शिंगं रंगवलेली, मोरपिसं, गळ्यात कवड्यांचा पट्टा, पायात चाळ, आणि मालक मोटरसायकलवर पुढं नि म्हैस मागनं पळत. बघून आलो आणि पोरानं घरात येऊन तीच हिरवी ओढणी पाठीवर टाकली, कपाळाला टिकली, गळ्यात आज्जीचा साज, पायात पैंजण, पुठ्ठ्याच्या शिंगांना आईचं लाल नेलपॉलिश. चार पायांवर हॉलभर पळतंय. मी व्हिडिओ काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "नाद खुळा". पंधरा मिनिटात तेवीस अंगठे. ज्या भावानं गौरीच्या वेळी "लक्ष दे जरा पोराकडं" म्हणून फोन केला होता त्यानं तर दोनदा पाठवला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात टेकून बघत होती, काही बोलली नाही. पोरगं पळता पळता थांबलं, शिंग सरळ केलं आणि म्हणालं, "पप्पा, पण म्हैस बाई असती की."

मी म्हटलं, तू हंबर.