1 मेची सुट्टी: एका फिरत्या संदेशाला उत्तर

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की एक लांबलचक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यांतले एक ठिकाण आमच्या नात्यातल्या मंडळींचे. तो पुढे पाठवणारी माणसे महाराष्ट्राविषयी आकस बाळगणारी मुळीच नाहीत आणि म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यावेसे वाटले. संदेशाचा आशय असा: 1 मेची सुट्टी मुळात कामगार दिनाची असून महाराष्ट्र दिन तिला नंतर चिकटवला गेला, राज्य दिल्लीने देऊ केले, त्यात साजरे करण्याजोगे काही नाही, मराठीसाठी 27 फेब्रुवारीचा राजभाषा दिन आहेच, आपल्याकडे सुट्ट्या इतक्या आहेत की कामे तुंबतात, प्रांतोप्रांतीचे असे दिवस देशाच्या एकोप्याला बाधक ठरतात, आणि त्या दिवशी वारसा कोणी जपत नसल्यामुळे ही सुट्टी रद्द करावी.

पहिला मुद्दा कागदावरच निकालात निघतो. राज्य शासन दरवर्षी परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 अन्वये सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते आणि तिच्यात 1 मेसमोर ‘महाराष्ट्र दिन’ असे नाव असते. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ज्या सुट्ट्या ठरतात, त्यांत कामगार दिन नाही. कामगार दिन वयाने मोठा आहे, हे खरे. त्याचे मूळ 1886 च्या शिकागोतील आठ तासांच्या दिवसाच्या लढ्यात आहे आणि भारतात तो 1923 साली मद्रासमध्ये कामगार नेते सिंगारवेलर यांनी पहिल्यांदा पाळला. परंतु दिवस जुना असणे वेगळे आणि सुट्टी त्या दिवसाची असणे वेगळे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे दोन दिवस एकमेकांना परके आहेत हे गृहीतकच चुकीचे आहे. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, जे स्मारक उभे आहे ते एकदा थांबून नीट पाहावे. तिथे ना राजा आहे, ना मंत्री. मशाल उंचावलेली दोन माणसे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. भोवती गाड्यांची वर्दळ चालू असते, लोक घड्याळाकडे पाहत स्टेशनकडे धावत असतात आणि त्या गर्दीच्या डोक्यावर ही दोन माणसे एकच मशाल धरून उभी असतात. लालबाग-परळच्या चाळींतून निघालेले गिरणी कामगार संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या, म्हणजे मुंबईसह मराठी भाषकांच्या एका राज्यासाठीच्या लढ्याच्या अग्रभागी होते. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी ती गावोगाव नेली, आणि हे तिघेही कामगार चळवळीतच घडलेले होते. त्यामुळे एकाच तारखेला कामगारांची आणि महाराष्ट्राची आठवण निघते, यात दुसऱ्याच्या सुट्टीवर हक्क सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

राज्य ‘देऊ केले’ हा दुसरा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. संदेशात यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीहून आणलेल्या मंगल कलशाचा दाखला दिला आहे. दिल्लीचे मन वळवण्यात यशवंतरावांचा वाटा होता, तो कोणी नाकारू नये. पण कलश ही गोष्टीची शेवटची ओळ आहे, आणि आधीची सगळी पाने फाडून फक्त तीच वाचली तर गोष्ट दानाची वाटणारच. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव 1946 मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला, तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात द्वैभाषिक, म्हणजे मराठी व गुजराती भाषकांचे मिळून एक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला. त्यानंतर मुंबई शहराचे स्वतंत्र राज्य करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनच्या परिसरात जमलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा रक्त सांडले. आपण ज्यांना 106 हुतात्मे म्हणतो, त्यांतले बहुतेक जण साधे, पोटापाण्यासाठी राबणारे लोक होते. चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले.

1 नोव्हेंबर 1956 पासून मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ यांना सामावून घेणारे विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, तरीही मागणी मागे घेतली गेली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकत्र बसले, आणि 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र व मुंबईतील मतदारांनी सत्ताधारी काँग्रेसला आपले म्हणणे मतपेटीतून ऐकवले. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार ही नावे आपल्याला पाठ असतात, पण निकाल फिरवला तो त्या मतदारांनी. या साऱ्यानंतर 1 मे 1960 उजाडला. जो कोणी याला दान म्हणेल, त्याने दान करणाऱ्याने आधी गोळीबार का केला याचे उत्तर द्यावे.

लढा पूर्ण यशस्वी झाला नाही, हेही इथेच सांगायला हवे. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले, आणि 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा होत असताना बेळगावातले मराठी भाषक काळा दिवस पाळतात. विदर्भातले वेगळ्या राज्याचे पुरस्कर्ते तर 1 मेलाच निषेध नोंदवतात. या तक्रारी मी गंभीरपणे घेतो. परंतु ज्या दिवसाविषयी लोकांना अजूनही काही मागायचे, काही म्हणायचे आहे, तो दिवस निरर्थक आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

27 फेब्रुवारीविषयीचा घोळ थोडक्यात मिटवता येतो. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि तो मराठी भाषा गौरव दिन आहे. मराठी राजभाषा दिन 1 मे रोजीच येतो, कारण राजभाषेचा प्रश्न राज्याशी आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 शी निगडित आहे. शिवाय 27 फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी नसते. संदेशकर्त्याने ज्या दिवसाच्या बळावर 1 मे अनावश्यक ठरवला, तो राजभाषा दिन 1 मे हाच आहे.

सुट्ट्यांनी काम बुडते, या मुद्द्याला मात्र आधार आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दादरा आणि नगर हवेलीत 2 ऑगस्टची मुक्तिदिनाची सुट्टी 2021 मध्ये बंद झाली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. (1954 साली हा प्रदेश पोर्तुगिजांकडून सोडवणाऱ्यांत सुधीर फडके होते, म्हणून मराठी वाचकाला ते प्रकरण दूरचे वाटू नये.) न्यायालयाने 2022 च्या जानेवारीत याचिका फेटाळली, सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नाही असे स्पष्ट केले, आणि देशात सुट्ट्या फार आहेत, त्या कमी करण्याची वेळ आली असावी असेही सुनावले. सुट्टी हक्क म्हणून मागता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे तोलून ठरवण्याचे काम शासनाचे आहे, आणि तोलताना राज्याचा स्थापना दिवस सर्वांत हलका का ठरावा, हे संदेशात कुठेच सांगितलेले नाही.

आता आकडे पाहू. राज्याच्या यादीत अलीकडे वर्षाला सुमारे 24 सार्वजनिक सुट्ट्या असतात, पण त्यांतल्या काही रविवारी पडतात. 2025 मध्ये प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा आणि रामनवमी हे तिन्ही रविवारी आले होते. ही यादी मुख्यतः सरकारी कार्यालये आणि बँका यांच्यासाठी असते. दुकाने, हॉटेले आणि खासगी कार्यालये यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू होतो आणि जिथे वीस किंवा अधिक (2025 पर्यंत दहा किंवा अधिक) कामगार आहेत, तिथे त्यांना वर्षाला फक्त आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. त्यांतल्या चारच तारखा कायद्याने ठरवून दिल्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या. म्हणजे एखाद्या साडीच्या दुकानात दिवसभर उभे राहून घड्या उलगडणाऱ्या मुलीला वर्षात ज्या चार तारखा कायदा नाव घेऊन देतो, त्यांतली एक संदेशकर्त्याला काढून घ्यायची आहे. आमच्या भागातल्या एका दुकानातल्या विक्रेतीला मी हे सांगितले, तेव्हा 1 मे भरपगारी असतो हे तिला ठाऊकच नव्हते. इथे सुट्टी जास्त झाली नसून ती जिच्या नावाची आहे, तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

एकोप्याचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. ओडिशा 1 एप्रिलला उत्कल दिवस पाळतो, केरळ 1 नोव्हेंबरला आपला स्थापना दिवस, गोवा 30 मे रोजी घटक राज्य दिन, आणि यांतल्या कोणाचे भारतीयत्व त्यामुळे कमी झालेले नाही. 1 मे तर गुजरातचाही स्थापना दिवस आहे. दोन्ही राज्ये एकाच कायद्याने, एकाच दिवशी जन्मली.

राहिला शेवटचा आक्षेप, की त्या दिवशी कोणी काही करत नाही. शहरात बंद दुकाने आणि महामार्गावरच्या गाड्यांच्या रांगा पाहून तसे वाटू शकते. पण अनेक खेड्यांत 1 मे रोजी ग्रामसभा भरते. आमच्या गावी आदल्या दिवशी दवंडी होते. सकाळी शाळेत झेंडावंदन झाले की मुलांच्या हातात वार्षिक निकाल पडतो, आणि प्रगतिपुस्तके घेऊन पोरे घराकडे पळत असतानाच मोठी माणसे देवळासमोरच्या मांडवात जमतात. ग्रामसेवक मागच्या सभेचे प्रोसिडिंग वाचतो, पाणीपट्टीची थकबाकी निघते, घरकुलाच्या यादीवरून आवाज चढतात. गेल्या वर्षी एक आजी उठल्या आणि स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव तीन सभा झाल्या तरी पुढे का सरकला नाही, असे त्यांनी सरपंचांना सरळ विचारले. प्रश्न मराठीत विचारला गेला, उत्तर मराठीत द्यावे लागले आणि दोन्ही मराठीतच प्रोसिडिंगात लिहिले गेले.