रेम्ब्रँटनं जेरोमला अर्धवट सोडलेलं नाही

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रँट याच्या १६४८च्या एका छापचित्राबद्दलचा मजकूर हल्ली फार फिरतो. चित्रात विलोच्या (आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या) छाटलेल्या, गाठाळ झाडापाशी संत जेरोम (बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा पंडित) लिहीत बसलाय आणि झाडाआडून सिंह डोकावतोय. मजकुराचं म्हणणं असं: दिवाळखोरीमुळे चित्र अपुरं राहिलं, संताचा चष्मा ही चित्रकाराची घोडचूक आहे, सिंहाची गोष्ट (जेरोमनं पंजातला काटा काढला आणि सिंह त्याचा सोबती झाला, ही) मात्र खरी.

दिवाळखोरी १६५६ची. आठ वर्षं आधीच्या चित्राला तिची झळ कशी लागणार?

'अपुरं' हा आक्षेप मात्र नीट पाहण्यासारखा आहे. झाडाच्या सालीवर, भेगांवर रेम्ब्रँटनं जीव ओतलाय आणि संताला मोजक्या फिक्या रेषांत बसवलंय, हे खरंच. पण ज्या तांब्याच्या पत्र्यावरून हा छाप निघतो, त्याच पत्र्यावर त्याची सही आणि साल आहे. शिवाय हे नुसतं आम्लानं केलेलं एचिंग नाही. त्यानं सुईनं थेट तांबं ओरखडून ड्रायपॉइंटचं कामही केलंय. ओरखड्याच्या काठाशी तांब्याची जी कड उठते तिच्यात शाई धरते आणि काळा रंग मखमली उतरतो. थोड्याच प्रती काढल्या की ती कड झिजते, त्यामुळे कुठली प्रत पाहून बोलतोय तेही महत्त्वाचं. मुद्दा असा की सुई हातात असताना त्यानं झाड गडद केलं, संताला हात लावला नाही. त्याच सुमाराच्या 'शंभर गिल्डर' छापचित्रातही एका बाजूची माणसं नुसत्या बाह्यरेषांची आहेत. चित्रकाराचा हेतू साधला की चित्र पुरं झालं, असं रेम्ब्रँट म्हणायचा, ही नोंद हाउब्राकेन या चरित्रकारानं केली आहे, तीही कुरकुरतच! १६५३च्या सुमाराच्या, इटालियन निसर्गातल्या जेरोमच्या त्याच्या दुसऱ्या छापचित्राबद्दल शंका घेतली तर समजू शकतो. त्यावर सही नाही.

सिंह मुळात जेरोमचा नाहीच. ती गोष्ट यार्देन नदीकाठच्या गेरासिमस या पाचव्या शतकातल्या संताची. नावांच्या सारखेपणातून ती जेरोमला चिकटली.

राहिला चष्मा. जेरोम ४२०मध्ये वारला, चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाला. म्हणजे कालविपर्यास आहेच. पण गिर्लांदायो या इटालियन चित्रकारानं १४८०मध्येच जेरोमच्या मेजाला चष्मा टांगला होता. पंडिताची ती ठरलेली खूण होती. आणि सीरियाच्या वाळवंटातल्या संताशेजारी हॉलंडच्या कालव्याकाठचा विलो उभा आहे, तो मात्र या मजकूरवाल्यांना खटकत नाही.