तक्ता आधी की बंड आधी?

ताई, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकी सरकारच्या तीन शाखा आणि त्यांचे अधिकार पाठ झाले की इथे अमेरिकेत नववीच्या मुलांना सुरुवातीला पुरे. मी मात्र त्यांना १७८६ च्या शेतकऱ्यांच्या बंडात अडकवते आणि वर सिनेटबद्दल, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाबद्दल, शंका पेरते. परीक्षेत हे कोण विचारतं?

विचारतात, पण ते सोडा. तीन शाखांचा तक्ता मुलं धाकट्या वर्गांपासून रंगवत आलेली असतात. 'कायदे कोण करतं?' म्हटलं की 'काँग्रेस' (म्हणजे इथली संसद) असं एका सुरात येतं. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार द्यावा का लागला, म्हटलं की सगळे गप्प.

म्हणून मी आधीच्या फसलेल्या व्यवस्थेपासून सुरू करते. १७८१ पासून लागू झालेल्या आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे आताच्या घटनेआधीच्या राज्यांच्या करारात, काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे. दिले तर दिले. मी वर्गात तेव्हाची तेरा राज्यं मुलांना वाटून देते, युद्धाचं कर्ज फळ्यावर लिहिते आणि आयातीवर ५ टक्के जकात बसवायची का, यावर मत घेते. तेराही जणांचा होकार हवा. यंदा ऱ्होड आयलंड झालेली मुलगी हाताची घडी घालून म्हणाली, "आमचं बंदर, आमची जकात. तुम्हाला का द्यायची?" बाकीचे तिच्यावर खेकसले, पण नियम तो नियम. १७८२ मध्ये खऱ्या ऱ्होड आयलंडनेही नकारच दिला होता.

मग मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ते १७८६ चं बंड. कोर्ट चाललं की जमिनीवर जप्ती येणार, म्हणून कर्जात बुडालेले शेतकरी कोर्टंच बंद पाडतात. त्यातले कित्येक स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. जानेवारी १७८७ मध्ये बंडाचा एक म्होरक्या डॅनियल शेज याची माणसं स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली. काँग्रेसची तिजोरी रिकामी. बंड मोडायला राज्याने धाडलेल्या फौजेचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून झाला! त्याच वर्षी मे महिन्यात आताची घटना लिहिणारी फिलाडेल्फियाची परिषद भरली. इथवर आलं की कर बसवणारी काँग्रेस मुलं स्वतःच मागतात.

आता सिनेट. कॅलिफोर्नियाला दोन जागा, वायोमिंगलाही दोन. लोकसंख्येत फरक साठपटीहून जास्त. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १, या हिशेबात तुम्ही-मी वाढलो, म्हणून आपल्याला ते खटकतं. इथल्या मुलांना खटकतच नाही, ते मी खटकवते. लहान राज्यं परिषदेतून उठून जातील या धास्तीतून समान जागांची ती तडजोड झाली, आणि घटनेच्या पाचव्या कलमानुसार राज्याच्या संमतीशिवाय त्याचं हे समान मत काढता येत नाही. घटनेत लिहिलेलं वाचून दाखवणं ही शंका कशी? राज्याची लोकसंख्या धरताना गुलामांना तीन-पंचमांश मोजणारं कलमही मी गाळणार नाही.

तुमच्या लेकीला तक्ता पाठ आहे म्हणता, तर तिला एवढंच विचारा, की काँग्रेसने पैसाच मंजूर केला नाही तर राष्ट्राध्यक्ष काय करेल? ती काय म्हणते ते इथे नक्की लिहा.