‘अर्धे फोटो काळे’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. आपल्याला मनस्ताप झाला, दिलगीर आहे. गड्ड्याची यात्रा वर्षातून एकदाच येते, त्यामुळे राग समजतो. पण ‘शटर दुरुस्तीचे १,५०० उकळले, नंदीध्वजांचे अर्धे फोटो काळे, सोलापूरकरांनो सावध राहा’ असं आपण लिहिलंत, त्यात शटरवर घेतलेला आळ मला मान्य नाही.

आपला कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. त्यात फिल्मसमोर रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे आडवे धावतात, तेच शटर. पहिला फिल्म उघडी करत जातो, दुसरा मागून झाकत येतो. ६० च्या स्पीडला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाला, पहिला टोकाला पोचला तरी दुसरा अजून निघालेला नसतो, म्हणून अख्खी फ्रेम उघडी सापडते आणि फ्लॅश नेमका तेव्हा पेटतो. १२५ ला मात्र पहिला पोचेपर्यंत दुसरा बरंच अंतर कापून आलेला असतो. फ्लॅश डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतो. तेव्हा जेवढं झाकलेलं, तेवढं काळं. म्हणून तर डायलवर ६० जवळ फ्लॅशसाठीची एक्सची खूण आहे! ‘स्पीड जास्त ठेवला की फोटो हलत नाही, म्हणून १२५ ठेवला’ हे काउंटरवर आपणच म्हणालात.

त्याच रोलवर अक्षता सोहळ्याचे भर उन्हातले, बिनफ्लॅशचे, २५० आणि ५०० चे फोटो आहेत. एकही काळा नाही. पडद्यांची वेळ चुकत असती तर आधी तेच बिघडले असते. आणि नंदीध्वजांच्या रात्री फ्लॅशने काढलेल्या फोटोंत काळ्या बाजूलाही मिरवणुकीचे दिवे अंधुक दिसतात. पडदा उघडलाच नसता तर ते कुठून आले असते?

पैशांचंही सांगतो. १९९७ नंतर हा कॅमेरा बनत नाही. पडदे दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून बसवले, सुकलेलं ग्रीस साफ केलं, स्प्रिंगांचा ताण जुळवला. सांगितले होते १,७००, आपण म्हणालात म्हणून दोनशे सोडले. तेही रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

यापुढे फ्लॅशबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगत जाऊ, बिलावरही काहीतरी छापून घेतो. कॅमेरा घेऊन या, रोल माझा, धुण्याचा खर्चही माझा. ६० वर ठेवून फ्लॅशचे फोटो काढून बघू. स्टार किती द्यायचे ते आपण ठरवा, पण ‘सावध राहा’ तेवढं काढता आलं तर बघा. लोक दुकानात यायच्या आधी तेच वाचतात.